कलोपचार म्हणजे चित्रकलेचा वर्ग नव्हे
कलोपचार (प्रशिक्षित उपचारकाच्या साहाय्याने, कलानिर्मितीच्या द्वारे मनोव्यथेवर केलेला इलाज) ही संज्ञा, क्षयाच्या दुखण्यात स्वतः चित्रे काढून विसावा लाभलेले ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ साली रूढ केली. कलोपचाराच्या नात्यातला व्यवसायोपचार (अर्थपूर्ण कामात गुंतवून रुग्णाला पुन्हा कर्ता करणारा उपचार) आपल्याकडे कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात शाळा काढून रुजविला.

“मला कुठे चित्र काढता येते?” असे म्हणून पुष्कळ माणसे कलोपचाराच्या वाटेला जात नाहीत, आणि शाळेत चित्राला गुण मिळत असल्यामुळे हा ग्रह स्वाभाविकही आहे. परंतु लालबागचा मूर्तिकार शाडूचा गोळा मळतो तो मूर्तीसाठी. कलोपचारात तोच गोळा मळताना बोटांचा दाब कुठे वाढला, हात कुठे थबकला आणि त्या क्षणी मनात काय दाटून आले, याला महत्त्व असते, मग अखेरीस हाती ओबडधोबड ढेकूळच का उरेना.

छंदानेही मन हलके होते, हे कबूल. तथापि गिरगावातल्या चाळीचा जिना रोज चढणे प्रकृतीस हितकर असले, तरी मोडून सांधलेल्या पायाने तो कसा चढावा हे जाणकारच शिकवितो, तितकेच अंतर छंदात आणि उपचारात आहे. कलोपचार सुरू केला, तरी चालू असलेली औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी बंद करू नयेत.