लहान धक्के मोठ्या भूकंपाची चाहूल देतात का?

बदलापूरला घरी गेलो की शेजारचे काका हमखास विचारतात, "पालघरला एवढे हादरे बसतात, मोठा भूकंप येणार का रे?" २०१४ पर्यंत पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे काळजी साहजिक आहे. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर हा प्रश्न कसा हाताळायचा ते बघूया.

आधी तीन नोंदी.

कोयना: धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि लहान धक्के सुरू झाले. सप्टेंबर १९६७ मध्ये ५ पेक्षा मोठे धक्के बसले, आणि ११ डिसेंबरच्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला.

किल्लारी: १९९२ च्या पावसाळ्यापासून काही महिने धक्के जाणवले, मग थांबले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा भूकंप झाला. सुमारे १० हजार माणसं गेली.

पालघर: नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात हजारो धक्के नोंदले गेले. मोठ्यातले मोठे ४ च्या आसपास. एवढ्या वर्षांत कोयना-किल्लारीइतका भूकंप तिथे झालेला नाही.

म्हणजे 'पूर्वधक्का' हे नाव आपण मोठा भूकंप झाल्यावर देतो. म्हणून "मोठ्या भूकंपाआधी लहान धक्के होते का?" एवढंच विचारू नका. "लहान धक्क्यांच्या किती मालिकांनंतर मोठा भूकंप आला, आणि कितींनंतर नाही?" हेही मोजा.

मग दुसरी खूण? साधारणपणे तीव्रता १ ने कमी झाली की भूकंपांची संख्या दहापट होते. हे प्रमाण सांगणारा आकडा म्हणजे बी-मूल्य, सहसा १ च्या आसपास. प्रयोगशाळेत खडकावर ताण वाढवला की ते घसरतं, म्हणून अनेकांचं त्यावर लक्ष असतं. पण एखादं नोंदणी केंद्र बंद पडलं, तर लहान धक्के नोंदलेच जात नाहीत. ही तूट लक्षात न घेता हिशोब केला, तर बी-मूल्य घसरलेलं दिसतं आणि जमिनीत मात्र काहीच बदललेलं नसतं! त्यामुळे किती तीव्रतेपासूनची नोंद पूर्ण आहे, हे आधी ठरवा.

आणि काकांना काय सांगायचं? तारीख सांगता येत नाही. किल्लारीत बहुतेक माणसं दगड-मातीच्या जड घरांखाली गेली. उल्हासनगरमध्ये तर भूकंपाशिवायच स्लॅब कोसळतात. म्हणून मी त्यांना उलट विचारतो, "काका, सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं का?"