वायफाय मॉड्यूल उपाशी तर नाही ना?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करताना एक अनुभव हमखास येतो. ब्रेडबोर्डवर जोडलेल्या वायफाय मॉड्यूलला वीज देताच त्यावरील दिवा लुकलुकतो, संगणकाच्या पडद्यावर दोन-चार ओळी उमटतात. पण नेटवर्कशी जोडणी होण्याच्या नेमक्या क्षणी मॉड्यूल बंद पडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मल्टिमीटर लावून पाहावे, तर वीजदाब अगदी बरोबर ३.३ व्होल्ट! साहजिकच संशयाची सुई आधी प्रोग्रॅमकडे आणि नंतर मॉड्यूलकडे वळते. सादरीकरण तोंडावर आलेले असताना दोन रात्री चुका शोधण्यात जातात. अखेर चांगले मॉड्यूल फेकून नवे आणले जाते आणि तेही तसेच वागते. बहुतेक वेळा यात दोष प्रोग्रॅमचा नसतो आणि मॉड्यूलचाही नसतो. दोष असतो तो वीजपुरवठ्याचा.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ पासून हौशी मंडळींमध्ये लोकप्रिय झाली. तिच्यावर आधारलेले ईएसपी-०१ हे आठ पिनांचे छोटे मॉड्यूल याचे उत्तम उदाहरण ठरते. त्याला ३.३ व्होल्टचा वीजदाब लागतो. त्याची भूक मात्र सतत बदलत असते. गाढ निद्रेत चिपला अवघे २० मायक्रोअँपिअर पुरतात, संदेश ऐकताना सुमारे ५० मिलिअँपिअर लागतात आणि प्रक्षेपण करताना हा आकडा १२० ते १७० मिलिअँपिअरवर जातो. काही क्षण तर तो ३०० च्याही पुढे उसळतो. म्हणूनच किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा वापरावा, अशी कंपनीची शिफारस आहे.

प्रत्यक्षात काय घडते? अर्डुइनो युनोच्या आर३ आवृत्तीवर ३.३ व्होल्टची पिन हाताशी असते, म्हणून मॉड्यूल तिलाच जोडले जाते. त्या पिनची अधिकृत मर्यादा अवघी ५० मिलिअँपिअर आहे. यूएसबी-सीरियल अडॅप्टरमध्ये सर्रास आढळणाऱ्या एफटी२३२आर चिपच्या ३.३ व्होल्टच्या पिनचीही मर्यादा तेवढीच. प्रक्षेपण सुरू होताच वीजदाब कोसळतो आणि चिप नव्याने सुरू होते. मल्टिमीटर सेकंदाला मोजकीच मापने घेतो आणि सरासरी दाखवतो. मिलिसेकंदभराची ही घसरण त्याला दिसतच नाही. ती पाहण्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो.

पुरवठा पुरेसा असला, तरी ब्रेडबोर्ड आपला वाटा मागतो. त्याच्या आतील स्प्रिंगच्या पट्ट्या वापराने सैल होतात, जोडतारा बारीक असतात. या साऱ्यांचा रोध मिळून एक ओहम झाला, तरी ३०० मिलिअँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ईएसपी-०१च्या दोन्ही रांगा इतक्या जवळ असतात, की ते ब्रेडबोर्डवर थेट बसवता येत नाही. त्यामुळे तारा आणखी लांबतात. शिवाय अनेक लांब ब्रेडबोर्डांवर वीजपट्टी मध्यावर तुटक असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

निदानाची रीत सोपी आहे. प्रथम प्रोग्रॅममधून वायफाय बंद करून पाहावे. तेवढ्याने मॉड्यूल तासन्तास सुरळीत चालले, तर पुरवठ्यावरचा संशय बळावतो. वीजदाब स्रोतापाशी न मोजता मॉड्यूलच्या पिनांवरच मोजावा. मॉड्यूल मुळीच सुरू होत नसेल, तर सीएच-पीडी ही पिन ३.३ व्होल्टला जोडली आहे का, ते आधी पाहावे. सुरुवातीला उमटणाऱ्या विचित्र अक्षरांनी मात्र बिचकू नये. ती प्राथमिक माहिती ७४८८० बॉडच्या वेगाने येते, त्यामुळे ११५२०० वर ती अगम्य दिसणारच.

उपायही फारसे खर्चिक नाहीत. ५ व्होल्टच्या चांगल्या चार्जरपुढे एएमएस१११७-३.३ जातीचा रेग्युलेटर लावून मॉड्यूलला स्वतंत्र पुरवठा द्यावा आणि सर्व मंडलांचे ग्राउंड एकत्र जोडावे. या रेग्युलेटरला स्वतःसाठी साधारण १.१ व्होल्ट लागतात, त्यामुळे तीन पेन्सिल सेल थोडेसे उतरले, की तो अपुरा पडतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध मोठा असल्याने तीही टाळावी. मॉड्यूलला थेट ५ व्होल्ट कदापि देऊ नयेत, ३.६ व्होल्ट ही त्याची कमाल मर्यादा आहे.

यानंतर कपॅसिटरचा विचार करावा. तो गच्चीवरच्या टाकीसारखा असतो: सगळे नळ एकदम उघडले, तरी टाकीतले पाणी क्षणभर दाब टिकवून धरते. ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर मॉड्यूलच्या पिनांना अगदी लगटून लावावा. इलेक्ट्रोलिटिकवर पट्टा असलेली बाजू ऋण असते. ती उलटी जोडू नये. मात्र टाकी म्हणजे धरण नव्हे. २५० मिलिअँपिअरची तूट या कपॅसिटरने एकट्याने भरून काढली, तर ०.४ मिलिसेकंदाच्या आतच वीजदाब ०.२ व्होल्टने उतरतो. मूळ स्रोतच दुबळा असेल, तर कितीही मोठा कपॅसिटर लावून भागणार नाही.

तेव्हा प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ पुन्हा तपासायला बसण्यापूर्वी किंवा नवे मॉड्यूल आणायला बाजार गाठण्यापूर्वी, हाताशी असलेल्या मॉड्यूलला पोटभर वीज मिळते आहे का, एवढे आधी पाहावे. कित्येक ‘बिघडलेली’ मॉड्यूल्स त्यानंतर विनातक्रार चालू लागतात.