कुंपण दाट कसे होते?

बागेला कुंपण करायचे आहे? मेंदी किंवा कोयनेल लावा. मोकाट शेळ्यांचा उपद्रव असेल, तर अडुळसा बरा. त्याच्या कडू पाल्याला त्या सहसा तोंड लावत नाहीत.

रोपे दीड वीत वाढली, की शेंडे खुडा. जिवावर येईल खरे! पण शेंड्याच्या कळीत तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरते आणि पानांच्या बगलेतील कळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा गेला, की त्या कळ्या फुटतात.

पुढे छाटताना कुंपण तळाशी रुंद, माथ्याशी अरुंद ठेवा. उलट झाले, तर सावलीने खालची पाने गळतात आणि नेमकी तिथूनच शेळी आत शिरते!

दोन सारखी रोपे घ्या, एकाचाच शेंडा खुडा आणि तीन आठवड्यांनी फुटवे मोजा. काय दिसते?