पाळणाघराचा पहिला फोन कोणाला?

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली संशोधनासाठी बर्लिनला निघाल्या, तेव्हा सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना तो बेत पसंत नव्हता. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलं, त्यांच्याच घरातली ही गोष्ट. पती दिनकर मात्र ठाम होते. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले होते. आणि त्यांची साथ निरोप देण्यापुरती नव्हती. पुढे तीन मुलं झाली, दिनकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, इरावतीबाई डेक्कन कॉलेजात शिकवत, संशोधनासाठी गावोगाव हिंडत. घरचा कारभार दिनकर सांभाळत. बायकोच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, पर्समध्ये पैसे आहेत ना, इथपर्यंत त्यांचं लक्ष असे.

असं लक्ष आजही दुर्मीळ आहे.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटांचा. ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. मुळात ते करतं कोण? २०१९च्या सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या, पुरुष जेमतेम २६.

शिवाय मिनिटांत न मोजता येणारं कामही असतंच. मुलाच्या लशीची तारीख, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची सूचना, संपत आलेला गॅस, कामवाल्या मावशींची उद्याची सुट्टी. नवरा भाजी आणतो, पण कोणती आणि किती, हे बायकोने फोनवर सांगायचं. म्हणजे पिशवी त्याच्या हातात आणि काळजी तिच्या डोक्यात. दुपारी मुलाला ताप आला की पाळणाघर पहिला फोन आईलाच करतं. मीटिंग सोडून उठते तीच.

याची किंमत किती, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बरोबरीने शिकलेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत सुरुवातीला फारसा फरक नसतो. मोठी दरी पडते ती पहिल्या मुलानंतर. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही हजर राहणाऱ्याला काही नोकऱ्या भरपूर जास्त पैसे देतात. अशी नोकरी दोघांनी केली तर मुलाकडे बघणार कोण? मग एक जण ती धरतो आणि दुसरी घरच्या हाकेला बांधलेली राहते. तिची बढती हुकते, मुलाचं बालपण त्याच्या हातून निसटतं.

म्हणून वाटणी एकेका कामाची नको, अख्ख्या खात्याची हवी. मुलाचं आजारपण नवऱ्याकडे, तर डॉक्टरची वेळ, औषध, रजा आणि पाळणाघराच्या फॉर्मवरचा पहिला नंबरही त्याचाच. मग बायकोने आठवण करून द्यायची नाही आणि त्याच्या पद्धतीत खोट काढायची नाही. हे दुसरं जास्त अवघड. रविवारी संध्याकाळी दोघांनी आठवड्याचं वेळापत्रक समोर ठेवलं तर कोणाची मीटिंग हलणार, हे ऐन घाईत ठरवावं लागत नाही. बढतीची संधीही आळीपाळीने घेता येते, पण दोन वर्षांनी पाळी बदलायची, हे आधीच बोलून घ्यायला हवं. हे जमलं नाही की आपल्याकडे सगळा भार अलगद आजीवर जातो, आणि तिलाही साठीनंतर स्वतःचं काही करायचं असतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

सगळं घरातल्या घरात सुटणारं नाही, हेही खरं. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचं बंधन आलं. बापाला केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस. खासगी नोकरीत सगळं कंपनीच्या मर्जीवर. स्वीडनमध्ये आईबापांना मिळून ४८० दिवस मिळतात आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात. बापाने ते घेतले नाहीत तर आईला मिळत नाहीत, बुडतात. त्यामुळे रजेचा अर्ज टाकणाऱ्या बापाला साहेबापुढे संकोचावं लागत नाही. आपल्याकडे कंपनीची रजा मिळत असूनही न घेणाऱ्या बापांनी निदान तेवढी तरी पूर्ण घ्यावी, तीही बारशापुरती नाही, तर आई कामावर परतते त्या आठवड्यांत.