८०८५ प्रशिक्षण किटसाठी आधुनिक प्रोग्रामिंग जोडणी

इंटेलने १९७६ मध्ये आणलेल्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरचे किट टिटवाळा-कल्याण परिसरातून मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्याच्या षोडशमान कळफलकावरून प्रोग्राम एकेक बाइट भरावा लागतो. ॲक्युम्युलेटरमधील संख्या २०५० या पत्त्यावर ठेवण्याची आज्ञा ३२ ५० २० अशी, म्हणजे पत्त्याचा उत्तरार्ध आधी, लिहावयाची असते. वीज गेली की सारी मेहनत पुसली जाते. म्हणून किट कपाटात ठेवून केवळ सिम्युलेटरवर शिकविणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही.

उपाय मायक्रोप्रोसेसरमध्येच आहे. त्याची पाचवी पिन क्रमिक आदानाची, तर चौथी प्रदानाची. पाच व्होल्ट पातळीचा यूएसबी-सीरियल परिवर्तक त्यांना जोडता येतो (जुन्या आरएस-२३२ पोर्टची तार मात्र थेट जोडू नये, तिच्यावरील ऋण व्होल्टता घातक ठरते). किटमधील छोटा स्वीकारक प्रोग्राम ‘रिम’ आज्ञेने आदान पिनची स्थिती ॲक्युम्युलेटरच्या सर्वांत वरच्या बिटमध्ये घेतो. खरी कसोटी कालमापनाची आहे. ६.१४४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर अंतर्गत क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ असतो. १२०० बॉड गतीस एका बिटच्या वाट्याला २५६० क्लॉक-आवर्तने येतात. विलंबचक्र तितकेच जुळवावे लागते.

संगणकाच्या पडद्यावर असेंब्लीची ओळ, तिचे बाइट व पत्ता शेजारी-शेजारी दिसावेत. अन्यथा यंत्रभाषा पुन्हा झाकली जाईल. स्वीकारक प्रोग्राम ईप्रॉममध्ये कायम करण्यापूर्वी विद्यार्थ्याने तो एकदा तरी कळफलकावरून स्वतः भरावा.