दगडाचे चंद्र, बर्फाचे चंद्र

१५ सप्टेंबर २०१७. शनीभोवती तेरा वर्षे घिरट्या घालणारे कॅसिनी यान त्या दिवशी शनीच्या वातावरणात शिरले आणि बघता बघता जळून नाहीसे झाले. हा अपघात नव्हता. यानाचा हा शेवटचा मार्ग शास्त्रज्ञांनीच आखून दिला होता. कॅसिनीचे इंधन संपत आले होते. ते पूर्ण संपले असते तर यानावर ताबा राहिला नसता आणि पुढे कधीतरी ते शनीच्या एखाद्या चंद्रावर आदळण्याचा धोका होता. यानावर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव चिकटून राहिलेले असू शकतात. ते टायटन आणि एन्सेलाडस या दोन चंद्रांवर पोहोचू नयेत, म्हणून उत्तम चाललेल्या यानाचा शेवट करण्यात आला.

यातला एन्सेलाडस तर अगदी चिमुकला. त्याचा व्यास ५०४ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या चंद्राच्या सातव्या भागाएवढा. एवढ्याशा गोळ्याची इतकी काळजी का? त्याचे उत्तर तो कशाचा बनलेला आहे यात आहे. चंद्र म्हटला की डोळ्यांसमोर राखाडी, कोरडा, खड्ड्याखड्ड्यांचा दगड येतो. पण सूर्यमालेतल्या चंद्रांमध्ये असा चंद्र बहुसंख्येने नाही. २०२५ मध्ये एकट्या शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ वर गेली, आणि शनीच्या मोठ्या चंद्रांचा तर फार मोठा भाग पाण्याच्या बर्फाचा आहे.

वजनावरून ओळख

बाजारात नारळ घेताना गिऱ्हाईक तो फोडून बघत नाही. हातात घेऊन वजनाचा अंदाज घेते, कानाशी हलवून पाणी वाजते का ते ऐकते. खगोलशास्त्रज्ञही दूरच्या चंद्राच्या बाबतीत थोडेफार असेच करतात. एखाद्या चंद्राजवळून यान गेले की त्याच्या ओढीने यानाचा मार्ग किंचित वाकतो. किती वाकला, यावरून चंद्राचे वस्तुमान कळते. आकार छायाचित्रांवरून मोजता येतो. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते, आणि आतल्या मालाचा पहिला सुगावा लागतो.

पाण्याची घनता १ धरली, तर साध्या दगडाची तीनच्या आसपास आणि लोखंडाची पावणेआठच्या वर असते. पृथ्वीची सरासरी घनता ५.५ आहे, कारण तिच्या पोटात लोखंडाचा भलामोठा गाभा आहे. पृथ्वीच्या चंद्राची घनता ३.३४, म्हणजे जवळपास सगळा दगड. शनीच्या टेथिस या चंद्राची घनता मात्र जेमतेम ०.९८ आहे. तो जवळजवळ निव्वळ पाण्याच्या बर्फाचा गोळा आहे. पुरेसा मोठा समुद्र मिळाला, तर तो त्यात तरंगेल.

घनतेच्या जोडीला प्रकाशाचा वर्णपट असतो. प्रत्येक पदार्थ सूर्यप्रकाशातले ठरावीक रंग शोषून घेतो. परावर्तित प्रकाशात कोणते रंग कमी पडतात, हे पाहून पृष्ठभागावर पाण्याचे बर्फ आहे, गंधक आहे की गोठलेला नायट्रोजन, ते ओळखता येते. पण सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेला नमुना. तो आतापर्यंत एकाच चंद्राचा मिळाला आहे.

वितळलेल्या दगडाची साय

१९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी चंद्रावरून एकूण ३८२ किलो खडक आणि माती आणली. चंद्रावरच्या उजळ भागात त्यांना अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा फिकट खडक मिळाला. ज्या काळ्या डागांत लोकांना ससा दिसतो, तिथे बेसाल्ट होता. बेसाल्ट म्हणजे गोठलेला लाव्हा. सह्याद्रीचा काळा कातळ याच जातीचा. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर अशाच बेसाल्टमध्ये, आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने तयार झालेले आहे. पृथ्वीवर अशी विवरे दुर्मीळ असल्यामुळे चंद्रावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात.

फिकट खडकाने एक मोठे कोडे सोडवले. सुरुवातीला चंद्राचा वरचा बराचसा भाग वितळलेला असावा, असे त्यावरून दिसले. दूध तापवल्यावर साय वर येते, तशी त्या तप्त दगडी रसातली हलकी खनिजे वर तरंगली आणि त्यांचा फिकट थर जमला. जड खनिजे तळाशी गेली. पण अपोलोचे नमुने चंद्राच्या मध्यपट्ट्याजवळचे होते. हीच गोष्ट सगळ्या चंद्रावर घडली होती का?

उत्तराचा एक महत्त्वाचा भाग भारताने दिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले. प्रज्ञान बग्गीवरच्या उपकरणाने तिथल्या मातीतली मूलद्रव्ये मोजली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष मांडले. तिथली मातीही प्रामुख्याने त्याच फिकट खडकाच्या घडणीची निघाली. म्हणजे साय मध्यपट्ट्यापुरती नव्हती, थेट ध्रुवाकडेही पसरलेली होती.

मग हा चंद्र आला कुठून? पृथ्वीच्या वस्तुमानाचा सुमारे तिसरा हिस्सा तिच्या लोहगाभ्यात आहे. चंद्राचा गाभा मात्र त्याच्या वस्तुमानाच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास. दुसरीकडे, दोघांच्या खडकांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण जवळजवळ सारखे आहे, जणू एकाच घराण्याची खूण. यावरून असे मानले जाते की साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सुमारे मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला. दोघांचे लोखंड पृथ्वीच्या पोटात गेले आणि उडालेल्या तप्त दगडी मलब्यातून चंद्र जमला. त्यामुळे तो दगडाचा, लोखंडाला गरीब आणि बराच कोरडा. पूर्ण कोरडा मात्र नाही. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा असल्याचे चांद्रयान-१ वरील उपकरणाच्या नोंदींतून २००९ मध्ये जाहीर झाले.

शेकोटीभोवतीचे चार भाऊ

गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिले. गुरूपासून बाहेरच्या दिशेने जाताना त्यांची घनता अशी: आयो ३.५३, युरोपा ३.०१, गॅनिमिड १.९४, कॅलिस्टो १.८३. जसजसे अंतर वाढते, तसतशी घनता उतरत जाते. हा योगायोग नव्हे. जन्मावेळी गुरू स्वतःच धगधगत होता. शेकोटीजवळ बर्फ टिकत नाही, तसे त्याच्याजवळच्या आयोच्या वाट्याला दगड आणि लोखंडच आले. दूरच्या गॅनिमिड आणि कॅलिस्टोला भरपूर बर्फ मिळाले. गॅनिमिड हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र, आकाराने बुध ग्रहाहूनही मोठा. पण वस्तुमान बुधाच्या निम्म्याहून कमी, कारण त्याचा सुमारे अर्धा ऐवज बर्फाचा.

सूर्यमालेतही मोठ्या प्रमाणावर हेच घडले. सूर्याजवळच्या उष्ण भागात दगड आणि धातू टिकले. गुरूच्या पट्ट्यापासून पुढे पाण्याची वाफ गोठू शकली. विश्वात हायड्रोजन आणि हेलियमनंतर सर्वाधिक आढळणारे मूलद्रव्य ऑक्सिजन आहे, त्यामुळे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून बनणारे पाणी सूर्यमालेच्या थंड भागात मुबलक होते. तिथे जन्मलेल्या चंद्रांना ते बांधकामाचा माल म्हणूनच मिळाले. त्या थंडीत बर्फ इतके कडक असते की डोंगरही त्याचेच उभे राहतात.

आयोची कहाणी आणखी वेगळी. एकीकडून गुरूची प्रचंड ओढ, दुसरीकडून युरोपा आणि गॅनिमिडचे नियमित हिसके. यात आयो सतत दाबला आणि ताणला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तसा तो आतून तापतो. आयोचे अंतरंग वितळलेले असावे, असे भाकीत तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी मार्च १९७९ च्या सुरुवातीला प्रसिद्ध केले. काही दिवसांतच व्हॉयेजर-१ यानाच्या छायाचित्रांत तिथल्या धगधगत्या ज्वालामुखीचा फवारा दिसला. आयोचा पिवळट-तांबूस रंग आहे गंधकाचा.

बर्फाखालचे पाणी

जी कुतरओढ आयोला वितळवते, तीच युरोपाला सौम्य ऊब देते. युरोपाचा पृष्ठभाग बर्फाचा, पण त्याखाली काय? गॅलिलिओच्याच नावाचे यान युरोपाजवळून गेले तेव्हा त्याला चंद्राभोवती एक बदलते चुंबकीय क्षेत्र जाणवले. मॉलच्या दारातल्या धातुशोधक चौकटीतून जाताना खिशातली किल्ली जशी पकडली जाते, तसेच हे तत्त्व. गुरूच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राला युरोपाच्या आतली वीजवाहक वस्तू प्रतिसाद देत होती. तिचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण म्हणजे खारट पाण्याचा समुद्र.

एन्सेलाडसने तर अंदाज बांधायलाही फारसे ठेवले नाही. २००५ मध्ये कॅसिनीला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून अवकाशात उडणारे बाष्पाचे आणि बर्फकणांचे फवारे आढळले. यान पुढे अनेकदा त्या फवाऱ्यांतून गेले आणि त्याने त्यांची जणू चवच घेतली. बर्फकणांत मीठ सापडले, म्हणजे हे पाणी दगडाशी मुरलेले होते. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सापडले. ते तयार व्हायला तळाशी नव्वद अंशांच्या आसपासचे गरम पाणी लागते. सेंद्रिय पदार्थ मिळाले. २०१७ मध्ये हायड्रोजन वायू सापडल्याचे जाहीर झाले. पृथ्वीवरच्या खोल समुद्रात काही सूक्ष्मजीव याच वायूवर जगतात. २०२३ मध्ये कॅसिनीच्या जुन्या नोंदी तपासताना फॉस्फरसही हाती लागला.

हे पाणी एका कोपऱ्यातले डबके आहे की सर्वदूर पसरलेला समुद्र, याचा उलगडा चंद्राच्या डुलण्यातून झाला. उकडलेले अंडे आणि कच्चे अंडे फिरवले की फरक लगेच कळतो, कारण कच्च्या अंड्यात कवच आणि आतला ऐवज एकजीव नसतो. एन्सेलाडसचे बर्फाचे कवच अपेक्षेपेक्षा जास्त डुलते, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे कवच आतल्या दगडी गाभ्याला चिकटलेले नाही. मध्ये सगळीकडे पाणी आहे.

टायटनचा थाट वेगळाच. २००५ च्या जानेवारीत हायगेन्स हे छोटे यान त्यावर उतरले. तिथे उणे १७९ अंश तापमान आणि नायट्रोजनचे दाट वातावरण. यानाभोवती नदीतल्यासारखे गोलसर गोटे पडलेले दिसले, पण ते पाण्याच्या बर्फाचे असावेत. तिथे दगडाचे काम बर्फ करते आणि पाण्याचे काम मिथेन. मिथेनचाच पाऊस पडतो, मिथेनच्याच नद्या आणि तळी आहेत.

आश्रयाला आलेला

काही चंद्र मात्र आपल्या ग्रहाचे नसतातच. नेपच्यूनचा ट्रायटन ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो. ग्रहाभोवतीच्याच तबकडीत जन्मलेला मोठा चंद्र असे करणार नाही. ट्रायटनवरचे नायट्रोजनचे बर्फ, मिथेन आणि दगड-बर्फाचे प्रमाण हे सारे प्लुटोशी मिळतेजुळते आहे. तो प्लुटोच्याच पट्ट्यात जन्मला आणि वाटेत नेपच्यूनच्या तावडीत सापडला, असे मानले जाते.

थोडक्यात, चंद्र कशाचा बनला आहे हा त्याचा जन्मदाखलाच असतो. आगीजवळ जन्मला की थंडीत, टकरीतून निर्माण झाला की परक्या घरी आश्रयाला आला, हे त्याच्या मालमसाल्यात लिहिलेले असते. त्यातच पुढचा प्रश्नही दडलेला असतो: तिथे जीवसृष्टीला लागणारी सामग्री आहे का?

एन्सेलाडसवर पाणी, ऊब, मीठ, सेंद्रिय पदार्थ आणि फॉस्फरस एकत्र आढळले. तिथे जीव आहेत, असा याचा अर्थ नाही. कॅसिनीवर ते शोधण्याची उपकरणेच नव्हती. पण उद्या तिथे सूक्ष्मजीव सापडला, तर तो तिथलाच की पृथ्वीवरून चुकून गेलेला, ही शंका राहता कामा नये. म्हणून कॅसिनीचा बळी दिला गेला. याच कारणासाठी त्याआधी २००३ मध्ये गॅलिलिओ यानही गुरूच्या वातावरणात लोटण्यात आले होते.

आता नवी याने वाटेवर आहेत. युरोपाची तपासणी करण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. एप्रिल २०२३ मध्ये निघालेले युरोपचे जूस यान २०३१ मध्ये पोहोचून पुढे गॅनिमिडभोवती फिरणार आहे. नारळाचे वजन हाताला कळले आहे, पाणीही वाजते आहे. ते पाणी कसे आहे, एवढेच आता पाहायचे आहे.