अपडेट अर्धवट राहिले आणि लॅपटॉप काळा पडला

सुट्टी संपवून मुले परत आली की कॉम्प्युटर लॅबच्या दारात एखादा तरी बंद लॅपटॉप येतोच. बहुतेक वेळा मुलाला पोहोचवायला आलेले वडीलच तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवतात. तक्रार साधारण एकच असते: "सर, अपडेट चालू होतं, मध्येच लाइट गेली. तेव्हापासून पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही." त्यापुढचे वाक्यही आता मला पाठ झाले आहे: "दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला."

मदरबोर्ड बदलायचा म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जाणारा खर्च. त्यावर "आतला डेटाही विसरा" असे कोणी सांगितले, की माणूस हबकतो. म्हणून आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. फर्मवेअर अपडेट फसले म्हणजे बोर्ड जळला, असे होत नाही. आणि तुमचे फोटो, नोट्स, प्रमाणपत्रे त्या फर्मवेअरच्या चिपमध्ये नसतातच. ती डिस्कवर असतात, आणि डिस्कला या प्रकारात सहसा काहीही झालेले नसते.

फर्मवेअर म्हणजे काय ते कॅडेट्सना आपल्याच दिनक्रमातून सांगतो. सकाळी पीटीला सगळी शाळा उभी राहते, पण त्याआधी कोणीतरी उठून बिगुल वाजवलेला असतो. लॅपटॉपमध्ये विंडोज ही शाळा आणि फर्मवेअर हा बिगुलवाला. बटण दाबल्यावर प्रोसेसरला डिस्क, पडदा, कीबोर्ड यांपैकी कशाचीही ओळख नसते. तो फक्त एका ठरलेल्या पत्त्यावर, ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडे, पहिली आज्ञा शोधतो. त्या पत्त्यावर जोडलेली असते बोर्डवरची एक छोटी, बहुधा आठ पायांची फ्लॅश चिप. तिच्यात साधारण १६ किंवा ३२ एमबी माहिती मावते, मोबाइलवरच्या काही सेकंदांच्या व्हिडिओइतकी. जुनी माणसे तिच्यातल्या प्रोग्रामला बायोस म्हणतात. आजचा प्रकार यूईएफआय आहे, पण बोलण्यात बायोस हाच शब्द टिकला आहे.

आता लाइट गेल्यावर नेमके काय होते ते पाहा. फ्लॅश चिपमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी एक पूर्ण भाग पुसावा लागतो आणि मग तिथे नवे लिहावे लागते. पुसून झाले आणि लिहायचे राहिले, अशा क्षणी वीज गेली तर तिथे कोरी पाटी उरते. बिगुलवाला अर्धी धून विसरतो आणि शाळा झोपूनच राहते. १९९८ मध्ये पसरलेल्या सीआयएच नावाच्या व्हायरसने हीच दुखरी जागा हेरली होती. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जागा झाला आणि जिथे जमले तिथे त्याने बायोसच्या चिपमध्ये कचरा लिहून ठेवला. त्या काळी अशा मशीनला बहुधा चिप बदलण्यावाचून उपाय नसे.

आज उपाय आहे. बऱ्याच कंपन्या चिपमधला एक छोटा भाग अपडेटच्या वेळी शक्यतो हलवत नाहीत. त्याला बूट ब्लॉक म्हणतात. त्याला फार काही येत नाही. काही कळा ओळखणे, पेन ड्राइव्ह वाचणे आणि त्यातली फाइल चिपमध्ये उतरवणे, एवढेच त्याचे काम. अनेकदा पडदाही लावता येत नाही, म्हणून सगळे अंधारात चालते आणि लोक कंटाळून मध्येच बटण दाबतात. काही मॉडेलमध्ये फर्मवेअरची जादा प्रत बोर्डवर किंवा डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवलेली असते. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी घाईने डिस्क काढू नये.

मागच्या टर्ममध्ये आलेले एक उदाहरण सांगतो. अकरावीतला कॅडेट, सातारा जिल्ह्यातला. वडील निवृत्त नाईक. लॅपटॉप थोरल्या मुलाने पुण्यात नोकरी लागल्यावर घरी दिलेला. त्यात धाकट्याच्या एनडीएच्या तयारीच्या नोट्स होत्या आणि वडिलांच्या पेन्शनची सगळी कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, चार्जर लावला तरच चालायचा. तालुक्याच्या दुकानात बोर्डचे निदान झाले होते. पुतण्याने मात्र हिंमत धरून कंपनीच्या वेबसाइटवरून फाइल उतरवून पेन ड्राइव्ह लावून पाहिला होता, त्याचा उपयोग झाला नव्हता.

सुरुवात मी नेहमी सोप्यापासून करतो. चार्जर काढला, सगळ्या यूएसबी वस्तू काढल्या, पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरले, चार्जर परत लावला आणि थांबलो. थांबणे हे यातले खरे कठीण काम. अपडेटनंतर लॅपटॉप मेमरी नव्याने तपासतो, दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो, आणि तोवर पडदा काळाच राहतो. अपडेट नुकतेच झाले असेल तर अर्धा तास हात लावू नये. इथे मात्र काही फरक पडला नाही. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत होता. हे लुकलुकणे मोजून ठेवावे, कारण ती खूण असते. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तिचा अर्थ दिलेला असतो. आमच्या बाबतीत अर्थ होता: फर्मवेअर खराब. म्हणजे बोर्ड बोलत होता. मेलेला बोर्ड दिवे मोजून दाखवत नाही.

मग पुतण्याचा पेन ड्राइव्ह पाहिला. फाइल बरोबर होती, पण पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा आणि एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला. बूट ब्लॉकला बहुधा फक्त फॅट ३२ वाचता येते. लॅबमधला ८ जीबीचा जुना पेन ड्राइव्ह फॅट ३२ करून घेतला आणि कंपनीच्या सूचनेप्रमाणे त्याच मॉडेलची फाइल, सांगितलेल्याच नावाने, सांगितलेल्याच जागी ठेवली. नावातले एक अक्षर चुकले तरी बूट ब्लॉक फाइल शोधत नाही. तो शिपाई कडक आहे, पासवर्ड चुकला की गेट उघडत नाही.

कळांची जोडी कंपनीगणिक वेगळी असते. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजची कळ आणि बी एकत्र दाबून धरायची, सोबत पॉवरचे बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडायचे, पण त्या दोन कळा सोडायच्या नाहीत. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जर काढून कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायच्या आणि तशाच धरून चार्जर लावायचा. आपल्या मॉडेलची पद्धत कंपनीच्या सपोर्ट पानावरच पाहावी, व्हिडिओवाल्यांच्या भरवशावर नाही. जवळजवळ मिनिटभर काही झाले नाही. मग पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागला आणि थोड्या वेळाने पडद्यावर प्रगतीची पट्टी आली. वडील खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. लॅपटॉप उठला आणि त्याने निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. फर्मवेअर बदलले की सुरक्षेच्या चिपला वाटते, समोरचे मशीन ओळखीचे नाही, आणि ती किल्ली देत नाही. सुदैवाने खाते थोरल्या मुलाचे होते. वडिलांनी फोन लावला, त्याने पुण्यातून आपल्या खात्यात जाऊन आकडे वाचले, धाकट्याने सहा-सहाच्या गटात टाइप केले, आणि नोट्स व पेन्शनचे कागद जसेच्या तसे मिळाले.

पालकांनो, इथे जरा थांबा. गावाकडे पुष्कळदा नवा लॅपटॉप दुकानातला मुलगाच चालू करून देतो, आणि सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकतो. मग ती ४८ अंकी की त्याच्या खात्यात जाते. दोन वर्षांनी तो मुलगा कुठे असेल कोणास ठाऊक. लॅपटॉप चांगला चालत असतानाच खाते कोणाचे आहे ते पाहा, की कागदावर उतरवा आणि तो कागद रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. की नसेल तर ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावूनही काही वाचता येणार नाही. कुलूप नसेल, तर एम.२ डिस्क बाहेरच्या डबीत बसवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येते. मात्र काही स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डलाच झाळलेले असते, तिथे ही वाट नाही.

बूट ब्लॉकच बिघडला असेल तर कळा दाबून काही होत नाही. तेव्हा चिपवर बाहेरून लिहावे लागते. आठ पायांच्या चिपला क्लिप लावायची आणि यूएसबी प्रोग्रामरने मजकूर उतरवायचा. सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर स्वस्तात मिळतो, आणि मोबाइल दुरुस्त करणारी कुशल मुले हे काम सफाईने करतात. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. तरी दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला, चिप ३.३ व्होल्टची की १.८ची? १.८च्या चिपला जादा दाब दिला तर ती खरोखर मरते, आणि त्या प्रोग्रामरच्या काही जुन्या आवृत्त्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात. दुसरा, लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून, दोन्ही प्रती सारख्या आहेत का ते पाहून जपून ठेवणार का? कारण अर्धवट बिघडलेल्या त्या चिपमध्येही तुमचा सीरियल नंबर आणि बहुधा विंडोजच्या परवान्याची की असते. दुसऱ्या लॅपटॉपची प्रत सरसकट उतरवली तर मशीन उठते, पण नाव-गाव दुसऱ्याचे घेऊन.

हे वाचून कोणी म्हणेल, मग अपडेट करूच नये. माझे मत तसे नाही. २०२३ मध्ये लोगोफेल नावाच्या त्रुटी उघड झाल्या. सुरू होताना दिसणारे कंपनीचे चित्र वाचणाऱ्या भागातूनच घुसखोरी शक्य होती, आणि ती बंद करायला फर्मवेअरच बदलावे लागले. अपडेट करा, पण चार्जर लावून, बॅटरी चांगली भरलेली असताना. बॅटरी मेलेला लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपच. तो यूपीएसला जोडल्याशिवाय किंवा आधी बॅटरी बदलल्याशिवाय फर्मवेअरला हात लावू नये. बिटलॉकर असेल तर अपडेटपुरता थांबवावा.

त्या नाईकसाहेबांनी नवी बॅटरी घेतली आहे. थोरल्याने वाचून दाखवलेले ४८ आकडे त्यांनी डायरीत लिहिले, मग धाकट्याकडून एकदा मोठ्याने वाचून तपासून घेतले.